नानांचं अर्थिंग

नवी वस्तू आली की गावातली माणसं ती पुढून बघतात. मोटारसायकलच्या टाकीवरून हात फिरवतात, टीव्हीसमोर मांडी ठोकून बसतात. एखादाच माणूस असा निघतो की तो आल्या आल्या वस्तूच्या मागे जातो, खाली वाकतो आणि जिथं घरच्या लक्ष्मीनं कधी केरसुणी नेलेली नसते तिथं डोकं घालून "हं" म्हणतो. असा माणूस प्रत्येक गावात एकच असतो. दोन असते तर गावात एकही वस्तू धड विकली गेली नसती. सांगोल्याच्या माळाकडच्या आमच्या वस्तीवर हे पद नानांकडे आहे.

नाना पूर्वी वायरमन असावेत असं नव्या माणसाला वाटतं. तसं काही नाही. त्यांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी भरलेली आत जाते, रिकामी होऊन परत येते. दोन्ही वजनं झाल्याशिवाय पावती फाटत नाही. गेलेली गाडी परत आली की नाही, हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हातात निवृत्तीनंतर झटका मशीन पडलं. पुढं जे झालं त्यात नानांचा दोष नाही.

झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारा डबा. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची प्लेट, साधारण सेकंदाला एकदा 'टक'. तो झटका हजारो व्होल्टचा असतो, पण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतका वेळही टिकत नाही. त्यामुळं जनावर दचकतं, मरत नाही. विदर्भात जंगलाला लागून असलेल्या गावांना जन-वन विकास योजनेतून अशी कुंपणं मिळाली. आमच्याकडं वाघ नाही, म्हणून अनुदानाची वाट कोणी बघितली नाही. आमच्याकडं शेळ्या आहेत. शेळ्यांनी डाळिंबाच्या बागेचं जे केलं ते वाघाला जमलं नसतं.

तर वस्तीवरच्या आबांनी आपल्या बागेभोवती तार ओढली आणि सगळ्या वस्तीला चहाला बोलावलं. डब्यावर हिरवा दिवा, लाल आकडे, शिवाय तो 'टक टक' आवाज. लोक हरखून बघत होते. आबा सांगत होते, "तीन जूलचं हाय. नऊ हजार व्होल्ट दाखवतंय बघा."

नाना मागं गेले. खाली बसले. स्लॅबमधली उरलेली एक सळई मुरमात जेमतेम हातभर ठोकलेली होती आणि तिला मशीनची हिरवी वायर गुंडाळली होती. नानांनी सळई दोन बोटांत धरून हलवली. ती हलली.

"हं."

"काय झालं नाना?"

"गाडी भरून सोडलीस. परत कुठनं येणार?"

आबांना काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. नानांनी मग तिथंच, चहा गार होऊ देत, सगळ्यांना ते समजावून सांगितलं. झटका मशीनमधून निघतो, तारेतून जातो, शेळीच्या नाकातून तिच्या अंगात शिरतो, खुरांतून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून वाट काढत या सळईपाशी येऊन मशीनमध्ये परत जातो. फेरा पुरा झाला तर शेळी उडते. मध्ये कुठंही वाट अडली तर शेळी डाळिंब खाते. डब्यावरचे नऊ हजार म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच दोन टोकांमधला आकडा. त्यात शेळी कुठं आली? शेळीच्या वाट्याला किती येतात ते जमीन ठरवते, आणि मुरुमाड जमीन फाल्गुनात काहीच ठरवत नाही. मातीतून करंट जातो तो तिच्यातल्या ओलाव्यातून, त्या ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांतून. ओल गेली की उरतात खडे आणि खड्यांच्या मधली हवा. त्यात शेळीचा खूर म्हणजे वाळलेलं शिंगच. वरून कोरडं, खालून कोरडं.

"मशीनला धा हजार घातलंस. तारेला घातलंस, अँगलला घातलंस," नाना म्हणाले. "आन् जमिनीला काय दिलंस? स्लॅबचं उरलेलं."

हा माणूस कुणाला आवडावा असा नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. पण आबांच्या शेळीपुराणात तो खरा ठरला. आषाढात खालच्या वस्तीवरच्या एका तांबड्या शेळीनं तारेला नाक लावलं, ब्यां करून ती जी पळाली ती दिवाळीपर्यंत त्या बांधाकडं फिरकली नाही. आबांनी मशीनची पूजा केली. फाल्गुनात तीच शेळी आली, तिनं तारेला नाक लावलं, थोडं थांबली, पुन्हा लावलं आणि मग दोन तारांच्या मधून मान घालून सावकाश आत गेली. मागून दोन करडं. मशीन 'टक टक' करतच होतं.

नानांना ही बातमी कळली तेव्हा ते जेवत होते. हात धुऊन, पिशवी घेऊन निघाले.

त्या पिशवीबद्दल सांगितलं पाहिजे. बायकोनं, म्हणजे काकूंनी, जुन्या मांजरपाटाची शिवून दिलेली ती पिशवी नानांच्या खांद्याला सदैव असते. तिच्यात कुंपण तपासायचा मीटर, एक पाना, सॅंडपेपरचा तुकडा आणि बडीशेप. सायकलच्या दांडीला चार लोखंडी सळया सुतळीनं बांधलेल्या. नानांची तपासणी ठरलेली आहे. मशीनपासून शंभर मीटर लांब जायचं. तिथं त्या सळया तारेला टेकवून जमिनीत रोवायच्या, म्हणजे जणू चार गाढवं एकदम तारेला टेकलीत असा भार मशीनवर पडतो. कोरड्या रानात टेकवलेल्या सळईनंही भार पडत नाही, म्हणून नाना त्यांच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओततात. तारेतला दाब दोन हजाराच्या खाली आला की परत मशीनपाशी यायचं आणि अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर मीटर लावायचा. तिथं दोनशे-तीनशे व्होल्टच्या वर काही दिसायला नको. दिसलं, तर जमीन झटका नीट परत घेत नाही आणि तो सळईवरच तुंबलाय.

आबांकडं मीटर बाहेर काढायची वेळच आली नाही. सळया रोवून नाना परत आले आणि म्हणाले, "आबा, त्या अर्थिंगच्या सळईला हात लाव."

"अर्थिंगलाच की? लावतो."

आबांनी लावला. आणि शिवी हासडून दोन पावलं मागं उडाले.

"अर्थिंगला हात लावून ज्याला झटका बसतो," नाना शांतपणे बडीशेप तोंडात टाकत म्हणाले, "त्याच्या तारेचा झटका शेळीला बसत न्हाय."

नाना ही तपासणी फक्त फाल्गुन ते वैशाखात करतात, तीही दुपारी बारा ते तीन. कुणी जूनमध्ये बोलावलं तर येत नाहीत. "पावसात कुणाचंबी अर्थिंग चांगलं असतं," म्हणतात. हे वाक्य ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मी पूर्वी फक्त खानदानी गवयांच्या तोंडून, मायक्रोफोनबद्दल बोलताना ऐकला आहे.

त्यांच्या स्वतःच्या रानातलं अर्थिंग हा वस्तीचा एक प्रेक्षणीय प्रकार आहे. लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले सहा-सहा फुटी पाइप, दहा-दहा फुटांवर एक. जवळजवळ ठोकले तर सगळे एकाच मातीवर जगतात, म्हणून अंतर. रंग लावलेला चालत नाही, गंजलेला चालत नाही, कारण रंग आणि गंज दोन्ही वाट अडवतात. तीन जूलच्या मशीनला कागदावर तीन मीटर, म्हणजे दहा फूट पाइप पुरतो. जूलमागं मीटर असा ढोबळ हिशेब आहे. नानांनी चाळीसेक फूट ठोकलाय. "कागद कुठल्या गावचा हाय?" असं ते विचारतात. एवढ्यावर थांबते तर ते नाना कसले. प्रत्येक पाइपाच्या बुडाशी त्यांनी ठिबकची नळी नेली आहे आणि तासाला चार लिटरचा एकेक ड्रिपर बसवला आहे.

टँकरच्या दिवसांत हे चालू असतं. आबांच्या बागेत तेल्या रोग पडलेला, अर्ध्या झाडांना पाणी नाही, आणि इकडं लोखंडाला ठिबक. सकाळी माणसं रस्त्यानं जाताना थांबायची. कुणी विचारायचं, "नाना, फुटवा आला का?" कुणी विचारायचं, "ठिबकाच्या अर्जात पीक कुठलं लिवलं?" नाना कुणाला उत्तर देत नसत. काकू मात्र एकदा हंडा घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवं, मी चाळीस वर्षं हितं हाय. माझ्या बुडाला कधी तांब्याभर पानी घातलं न्हाई ह्या माणसानं."

त्या दिवसापासून सकाळचा चहा नाना करतात. ठिबकही चालू आहे.

मिठाचं प्रकरण वेगळं. आमच्याकडं अर्थिंग म्हटलं की लोकांना कोळसा आणि मीठच आठवतं. खड्डा काढायचा, मीठ-कोळशाचे थर द्यायचे, वर माती. एका बागायतदारानं तर मिठाची अख्खी गोणी ओतली आणि नानांना अभिमानानं दाखवली. नानांनी त्याला दोन प्रश्न विचारले. पाणी कोण घालणार? कारण मीठ कोरडं राहिलं तर त्यातून काही जात नाही, ते नुसतं पडून राहतं. आणि पाणी घातलंस तर पाइप किती वर्षं टिकणार? मीठ ओल धरतं, करंटला वाट देतं आणि लोखंडही खातं. बागायतदार हसला. पुढं कधीतरी त्याचं कुंपण गार पडलं तेव्हा नानांनी जाऊन पाइप धरून ओढला. वरची मुंडी हातात आली, खाली काही नव्हतं. ती मुंडी नानांनी घरी आणली. दिवाणखान्यात, गणपतीच्या खालच्या फळीवर ती आहे. पाहुण्यांना दाखवतात.

नानांचा जीव बेंटोनाइटवर. ही फुगणारी चिकणमाती ओलावा धरून ठेवते आणि पाइपाला घट्ट बिलगते. मुरमात जी फट राहते ती ही माती भरून काढते. देशात ती कच्छच्या बाजूला भरपूर निघते. त्यामुळं वस्तीवरचं मंडळ द्वारका-सोमनाथला निघालं तेव्हा नानांनी त्यांना निरोप दिला, "येताना कच्छवरनं या. पेढे आणू नका." मंडळ कच्छवरनं आलं नाही, पेढेच घेऊन आलं. नाना त्या मंडळाशी अजून नीट बोलत नाहीत.

आणि मोरी. ही नानांची खरी दौलत. आमच्या माळावर दोन फुटांवर काळा पाषाण लागतो. पहार 'ठण्ण' वाजते आणि हातापायाला मुंग्या येतात. अशा ठिकाणी सहा फूट खोल जाणार कसं? नाना सांगतात, खोल जाता येत नसेल तर आडवं जा. चर काढून पाइप त्यात तिरका किंवा आडवा पूर. नाहीतर ओल असेल तिथं जा आणि तिथून मशीनपर्यंत चांगली वायर आण, जमीन बदलत नसेल तर जागा बदल. आता दुष्काळी गावात बारा महिने ओल असणारी जागा कुठली? ओढा आटलेला, विहीर खडखडीत. घराच्या मागं जिथं मोरीचं पाणी उतरतं, जिथं अळू आणि एखादी केळ उभी असते, तेवढीच. त्यामुळं नाना कुणाच्याही घरी गेले की पुढच्या सोप्यात टेकण्याआधी परसात चक्कर मारून येतात.

याचा एकदा घोटाळा झाला. पुतण्याला मुलगी बघायला मंडळी गेली होती. चहा-पोहे झाले, मुलगी येऊन बसली, वडीलधाऱ्यांनी नाव-शिक्षण विचारलं. मग मुलीच्या वडिलांनी नानांकडं वळून आदरानं म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." नाना म्हणाले, "तुमची मोरी कुठं उतरती?"

सोयरिक जमली. पण त्या घरात नानांना अजून 'मोरीवाले सासरे' म्हणतात.

मोरीपाशी एक पथ्य ते कटाक्षानं पाळतात. घराच्या लाइटच्या मीटरचं जे अर्थिंग असतं, त्याच्यापासून कुंपणाचं अर्थिंग निदान दहा मीटर दूर. जवळ नेलं तर कुंपणाचे झटके घरच्या अर्थिंगात घुसतात आणि मग फ्रिजला हात लावायची पंचाईत. नाना दहा मीटर पावलांनी मोजतात. मोठी पावलं, बारा. तेरावं स्वतःच्या समाधानासाठी.

विजेचं कुंपण धंद्याच्या पातळीवर आणणाऱ्यांत न्यूझीलंडच्या हॅमिल्टन गावच्या बिल गॅलाघर यांचं नाव मोठं. 1930 च्या दशकात त्यांचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासायचा म्हणून त्यांनी मोटारीलाच झटका बसेल अशी जोडणी केली, आणि तिथून पुढं कुंपणापर्यंत मजल गेली. ही गोष्ट मी मोठ्या उत्साहानं नानांना सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडं पाऊस किती?" मी म्हणालो, वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही आला तर.

"मग शोध लावायला काय लागतंय?" नाना म्हणाले. "त्यांना म्हणावं, वैशाखात आमच्या माळावर येऊन लावा."

मी नंतर त्यांना असंही सांगितलं की विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावतीकडं खारपाणपट्टा आहे. तिथली जमीन खारी, विहिरीचं पाणी खारं, माणसं गोड पाण्यासाठी वणवण करतात. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्थिंग काय मस्त व्हत आसंल." आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर जरा ओशाळले. मी या माणसाला ओशाळलेलं बघितलं ते तेवढंच.

चिडलेलंही एकदाच बघितलंय. पाराजवळ एक जण म्हणाला होता, मशीन कशाला, सरळ पोलवरनं आकडा टाकून तारेत मेन लाइन सोडायची, रात्रीत रानडुकरं साफ. नाना उठून उभे राहिले. मेन लाइनचा 230 व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, त्यात मध्ये सुट्टी नाही, स्नायू आखडून हात तारेला चिकटला की सुटत नाही. अशा तारांनी विदर्भात वाघ मेलेत, शेतात पाणी धरायला गेलेली माणसं मेलीत. हा गुन्हा आहे हे तर आहेच. नानांनी हे सगळं सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी आता मी पिणार न्हाय." आणि पाळलं.

नानांच्या साम्राज्याला धक्का लागला तो घरातूनच. पुतण्या बीएस्सी ॲग्री होऊन आला आणि शेळीपालनाच्या शेडभोवती त्यानं पाच तारांचं कुंपण केलं. एक तार लाइनची, एक अर्थची, पुन्हा लाइनची, पुन्हा अर्थची. शेळीनं मान घातली की ती एकाच वेळी दोन्ही तारांना टेकणार, झटका एका तारेतून शिरून दुसऱ्या तारेतून परत जाणार. जमीन कोरडी असो, खडकाळ असो, विचारायचंच नाही. कोरड्या मुलखात जगभर हे करतात.

पुतण्यानं नानांना वैशाखात भर दुपारी एक वाजता बोलावलं. मुद्दाम. जमीन एवढी तापलेली की चपलेतून चटका बसत होता. ती सुप्रसिद्ध तांबडी शेळी आणली. तिनं नेहमीप्रमाणं नाक लावलं, थांबली, मग आत्मविश्वासानं दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मधून मान घातली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण ती आमच्या सगळ्यांच्या मधून गेली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. अख्खी जमीनच कुणीतरी त्यांच्या पायाखालून काढून घेऊन तिच्या जागी एक तार लावली होती. ते कुंपणाच्या कडेनं हळूहळू चालत गेले. मग मशीनच्या मागं जाऊन खाली बसले. बराच वेळ काही नाही.

"हं."

पुतण्याचा चेहरा उतरला.

"हे तांबं लोखंडावर कुणी पिळलं?" अर्थच्या तारेशी तांब्याची वायर नुसती पिळून जोडली होती. दोन धातू उघड्यावर एकत्र बांधले की दमट हवेत जस्त झिजतं आणि सांधा मरतो. नानांनी सॅंडपेपर काढला. "क्लॅम्प आन. एकाच जातीचा." मग मान वर करून, "सगळ्यात खालची तार कुठली?"

"लाइनची."

"डुक्कर खालनं नाक घालतंय. त्याचं नाक लाइनच्या तारेला, पाय जमिनीवर. तुझी अर्थची तार त्याच्या पाठीच्या वर. त्याला ती लागलीच न्हाय, तर झटका परत कुठनं येणार?"

पुतण्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. "...जमिनीतनं."

"आन् ह्या अर्थच्या तारा मधी मधी जमिनीत कुठं उतरवल्यास?"

"उतरवायच्या होत्या, नाना."

"पायपं किती आनलीस?"

"तीन."

"अजून तीन आन," नाना म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. खांदे पुन्हा सरळ झाले होते. ते शेडमागं परसात गेले, तिथं थांबले, घराच्या मीटरपासून पावलं मोजत आले. बारा, आणि एक वरचं. तोवर पुतण्याची आई कमरेला पदर खोचून दारात उभी राहिलेली. "भावजी, अळू उपटायचा न्हाय, आधीच सांगते. संकष्टीला वड्या लागत्यात."

नानांनी मान हलवली. पाइप अळवाच्या कडेनं, पानांना न लावता उभा धरला, तो सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं आणि घण कोण मारणार ते विचारलं.